दोनशे अकरा ते दोनशे पंधरा

"बाई, तुमच्या सशाच्या डोक्याला भोक आहे," मुंगी म्हणाली आणि मी हातातला कुंचला खाली ठेवला. सोमवार, सकाळचे अकरा वाजले असतील. मुंगी म्हणजे आमच्या विभागात प्रबंध करणारी मुलगी. हे नाव मीच पाडलं, कारण ती कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून भिंतीच्या कडेकडेने चाललेली असते. तिला ते माहीत आहे आणि आवडतं, असं ती म्हणते तरी. तेव्हा तिने कॉम्प्युटर छातीशी धरला होता. माझे मेणाचे ठोकळे बाजूला सारून तो तिने टेबलावर ठेवला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक निळी नळी सावकाश गोल फिरत होती, आणि नळीच्या वरच्या अंगाला, मेंदू व्हायचा तिथे, खरंच एक फट होती. बारीक, पण चांगली रेखीव. "हे बघा. बंद, बंद, बंद, मग एकदम उघडी, आणि परत बंद. पाच काप. दोनशे अकरा ते दोनशे पंधरा." ती आकडे वाचून दाखवत होती आणि मला त्याची काही गरज नव्हती. ते आकडे कुणी मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. मी म्हटलं, "असेल."

मी काप काढते. विभागात माझा हुद्दा लांबलचक आहे, पण काम विचाराल तर तेवढंच. गर्भ मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, ठोकळा यंत्राला लावायचा आणि मूठ फिरवायची. दर फेऱ्याला पात्यावरून मेणाचा एक पापुद्रा सुटतो. एका केसाच्या जाडीत असे दहा मावतील. पापुद्रे कडेला कड चिकटवत आपोआप पट्टी होते. ती दोन कुंचल्यांवर झेलायची, काळ्या कागदावर ठेवायची, मग कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर घ्यायची आणि रंगवायची. दहा दिवसांचा सशाचा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो, त्याचे मी डोक्यापासून शेपटीपर्यंत चारशे शहाऐंशी काप काढले होते, एकतीस वर्षांपूर्वी. सगळी गंमत क्रमात आहे. एकटा काप म्हणजे नुसता डाग. चारशे शहाऐंशी ओळीने बघितले की कळतं, पाठीवरची एक सपाट पट्टी मधोमध कशी खचते, तिचे दोन काठ कसे वर उचलले जातात, एकमेकांकडे झुकतात, टेकतात आणि चिकटतात, आणि पट्टीची नळी होते. त्याच नळीचा पुढे मेंदू होतो आणि कण्यातली दोरी होते. सशाची, मांजराची, माझी, मुंगीची, सगळ्यांची. आमचे जुने सर हा संच पाहुण्यांना दाखवताना म्हणायचे, बाईंच्या संचात एकही काप कमी नाही. त्यांच्या निरोपसमारंभातही ते हेच म्हणाले होते, खोकत खोकत, आणि टाळ्या वाजल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

मुंगीचं बोलणं चालूच होतं. गेले सात महिने तिने एकेक काप यंत्रावर टिपून, एकावर एक रचून ती नळी उभी केली होती. त्या पाच कापांच्या जागी आकार किंचित हलल्यासारखा वाटत होता, पण तेवढं सुकताना होतंच, नाही का बाई, असं तिने मलाच विचारलं आणि मी मान डोलावली. म्हणजे बघा, खोटं बोलायला तोंडाचीसुद्धा गरज लागली नाही. बंद झालेल्या नळीत मधेच अशी खिडकी कुणी नोंदवलेली नाही, असं तिचे मार्गदर्शक म्हणाले होते. गुरुवारी सभा होती, बाहेरची माणसं येणार होती, तिथे ती हे मांडणार होती. "तुमचे काप नसते तर हे दिसलंच नसतं," ती म्हणाली. "पहिले आभार तुमचे." आणि कॉम्प्युटर उचलून ती भिंतीकडेने निघून गेली. मी खुर्चीवर बसून राहिले. मला दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं, आणि माझ्या पदरात तेहतीस वर्षांचं फक्त एकच वाक्य होतं, एकही काप कमी नाही. ते खोटं होतं. आता त्या खोट्यावर एका शहाण्या पोरीचं घर उभं राहत होतं.

झालं होतं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरचा दिवा फडफडायला लागला होता. विभागाचा वायरमन आला, शिडी लावली आणि वर चढला. सांगायचं तर तेव्हाच मी हात थांबवायला हवा होता, पण दोनशे दहापर्यंत आलेली आणि पुढचा पाच कापांचा तुकडा काळ्या कागदावर तयार. आमच्या कामात खिडक्या बंद, पंखा बंद, आणि पट्टी उचलताना श्वाससुद्धा बंद. मी कुंचला टेकवला होता आणि गाल फुगवून बसले होते. वरून आवाज आला, "बाई, श्वास घेतलात तरी चालेल, मी कुणाला सांगणार नाही." आणि मी हसले. हसले म्हणजे काय, फस्सकन फुटले. तुकडा उडाला. पाच काप, म्हणजे चार शतांश मिलीमीटर ससा, डोळ्यांसमोर हवेत गेला आणि फरशीवर कुठेतरी बसला. शिडीवरच्या माणसाला वाटलं मी शिंकले. तो काम संपवून गेला आणि विसरलेली पकड न्यायला परत आला तेव्हा मी गुडघ्यांवर होते, गाल फरशीला लावून. काय शोधताय, त्याने विचारलं. आता याला काय सांगायचं, की तू मला हसवलंस आणि माझ्या सशाचा मेंदू उडाला? मी म्हटलं, कानातलं पडलं. तो लगेच शेजारी गुडघ्यांवर बसला. मी ओणवी असतानाच एका कानातलं काढून झग्याच्या खिशात टाकलं, म्हणजे निदान कान तरी रिकामा दिसावा. एक तास आम्ही फरशी चाचपत होतो, तो कानातलं आणि मी सशाचा मेंदू. तीन काप सापडले, चिंधड्या झालेले, बुटाखाली मेण दबलेलं. आठ दिवसांनी तो तसलाच नवा जोड घेऊन आला. पुढचं लग्न वगैरे सांगण्यासारखं आहे पण इथलं नाही.

त्या सशिणीच्या पोटात सात गर्भ होते. पाच इतर कामांना गेले, दोन माझ्याकडे मेणात, एक कापायला आणि एक राखीव. माणूस एकदा खोटं बोलला की दुसरं हाताशीच असतं. दुसऱ्या दिवशी खोलीत कुणी नसताना मी राखीव ठोकळा लावला, साधारण त्याच उंचीपर्यंत उतरले, आणि पाच काप घेतले. भाऊच तो त्याचा, एकाच पोटातला, एकाच दिवसाचा. रंगवले, आकडे घातले, दोनशे अकरा ते दोनशे पंधरा. उरलेला ठोकळा टाकाऊ मेणाच्या डब्यात वितळवून टाकला आणि सरांना सांगितलं, राखीव तडकला. सर म्हणाले, होतं असं. एकतीस वर्षं त्या पाच काचांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, कारण शिकवताना सगळे ठरावीक पंधरा-वीसच काढतात. आणि एका पोटातली भावंडं एकाच घड्याळावर चालत नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. काही तासांचं मागंपुढं असतंच. एकाची नळी मिटलेली असताना दुसऱ्याची उघडी असू शकते. पण तेव्हा मी ते स्वतःला कळू दिलं नाही.

सोमवारी दुपारी मी पेटी काढली आणि त्या पाच काचा भिंगाखाली लावल्या. भीतीने लावल्या होत्या, खोटं कशाला सांगू, कुठे पकडले जातेय ते बघायला. पण एकदा डोळा लावला की माझं काहीतरी होतं. ते दोन काठ एकमेकांकडे वाकलेले, टेकायच्या बेतात, मधे एवढीशी जागा, आणि काठांच्या अगदी टोकावरच्या पेशी सैल झालेल्या, ओळ सोडून निघालेल्या. त्या निघतात हे मला सरांनी पहिल्यांदा सांगितलं होतं. मी नवी होते, अकरावी झालेली, हात स्थिर म्हणून घेतलेली, आणि एक दिवस न राहवून विचारलं, सर, या कुठे चालल्या? त्यांनी मला हाकललं नाही. म्हणाले, या पेशी नळीत राहत नाहीत. कुणी जबडा होतात, कुणी दातातला गर, कुणी आतड्यातल्या नसा, कुणी कातडीतला काळा रंग. मग म्हणाले, आणि ही नळी तरी काय, पाठीवरची कातडीच ती, आत ओढली गेलेली. त्या दिवशी घरी जाऊन मी दोन आरशांत स्वतःची पाठ बघितली होती. आई म्हणाली, काय गळू झालंय का? मी तिला सांगायचा प्रयत्न केला की मेंदू म्हणजे आत गेलेली कातडी आहे. आई म्हणाली, तुझा असेल.

तेव्हापासून मला हे प्रश्न पडत आले आहेत आणि पदवी नसल्यामुळे मी ते बिनदिक्कत पडू देते. ती कातडी बाहेरच राहिली असती तर तिला ऊन-वारा कळला असता. आत गेली, मिटली, अंधार झाला, आणि मग तिला सगळंच कळायला लागलं. हे कसं? कुठल्या कापात ससा ससा होतो? मी मूठ फिरवते तेव्हा कुठल्या फेऱ्याला मी एखाद्याचं घाबरणं कापते? आणि हसणं? ते मी फार शोधलं आहे, कारण माझा त्यात व्यक्तिगत संबंध. हसताना छातीखालचा पडदा उसळतो. तो पडदा पोटाच्या वर असतो, पण त्याची नस येते मानेतून, इतक्या लांबून. का? तर गर्भात तो पडदा मानेपाशीच तयार होतो. मग गर्भ वाढतो, पडदा खाली खाली सरकतो आणि आपली नस मागे ओढत नेतो, पहिल्या घराचा दोर न सोडता. माझ्या संचात तो अजून वरच आहे, मानेशी. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हणजे त्या दिवशी मी छातीने नाही हसले, मानेने हसले. वायरमनला सांगितलं असतं तर त्याला आवडलं असतं. पण त्याला हसण्याचंच सांगितलं नव्हतं, तर नसेचं काय सांगणार?

मंगळवार मी स्वतःला समजावण्यात घालवला. समजावायला मी हुशार आहे. म्हटलं, एक फट, कुणाचं काय बिघडलं? म्हटलं, बाहेरची माणसं येतील, शंका काढतील, दुसरे ससे कापतील, फट सापडणार नाही, विषय आपोआप मिटेल. मग आठवलं की आपोआप मिटेल ते मुंगीच्या नावावर मिटेल. लोक म्हणतील, घाईची मुलगी, डाग बघितला आणि खिडकी म्हणाली. आयुष्यभर म्हणतील, आमच्या क्षेत्रात माणसं फार थोडी आणि स्मरणशक्ती फार चांगली. मधल्या सुट्टीत ती जिन्यात भेटली, झोप न झाल्यासारखे डोळे आणि तोंडभर हसू. म्हणाली, बाई, मला रात्रभर वाटत होतं की ती फट उघडी का राहिली असेल, ती कशाची वाट बघत असेल. लाज वाटली, आणि त्याच्याखाली, कबूल करते, थोडा हेवा. इतक्या वर्षांत माझ्या प्रश्नांना कुणी आभारपत्रिकेत जागा दिली नव्हती.

संध्याकाळी घरी आले तर नवरा टेबलावर शेजाऱ्यांची इस्त्री उघडून बसला होता. निवृत्त झाल्यापासून आख्ख्या इमारतीतलं जे जे बिघडतं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर येतं. मी चहा ठेवला, त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अहो, त्या दिवशी कानातलं हरवलं नव्हतं." कुठल्या दिवशी, हे त्याने विचारलं नाही. स्क्रू डबीत नीट टाकला. मी सगळं सांगितलं, हसण्यापासून टाकाऊ मेणाच्या डब्यापर्यंत, आणि सांगताना त्याच्या हातांकडे बघत राहिले, तोंडाकडे बघवेना. त्याने इस्त्री उलटी केली. मग म्हणाला, एक तास मी गुडघ्यांवर होतो. मी म्हटलं, हो. म्हणाला, आणि मग मी चार दुकानं हिंडून तसाच जोड शोधला. मी म्हटलं, हो. खिशात होतं ते, असं त्याने विचारलं नाही, नुसतं स्वतःशी म्हटलं. मला वाटलं आता चिडेल, चिडायला हवाच होता. तो इस्त्रीच्या तळाकडे बघत म्हणाला, "मला वाईट कशाचं वाटतंय सांगू? तू हसली होतीस हे मला आज कळतंय." आणि मग, चहा संपवून, कप विसळून पालथा ठेवताना, "त्या पोरीला पण कानातलं शोधायला लावणार आहेस का?"

बुधवारी सकाळी मी मुंगीच्या खोलीत गेले. खोली कसली, दोन कपाटांमधली जागा. ती उद्याची तयारी करत होती, पडद्यावर निळी नळी फिरत होती. मी बसले नाही. बसले असते तर चहापाण्याचं बोलत बसले असते. उभ्याउभ्या म्हटलं, "ते पाच काप त्या गर्भाचे नाहीत. माझ्या हातून गेले. मी त्याच्या भावाचे लावले." ती हसली, मी थट्टा करतेय असं वाटून, आणि मग तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मागून सगळं निघून गेलं. मी सगळं सांगितलं. शिडी, दिवा, फरशी, राखीव ठोकळा. उद्या सभेत मी स्वतः उभी राहून सांगेन, मार्गदर्शकांनाही आत्ता जाऊन सांगते, असंही सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिने बोटाने नळी फिरवायची थांबवली होती. मी वाट बघत होते की ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा निदान सात महिने म्हणेल. मी सात महिन्यांसाठी तयार होऊन आले होते.

ती म्हणाली, "मग ते खोटं नाहीये. दुसऱ्याचं आहे."

मी म्हटलं, दुसऱ्याचं म्हणजे लहान भावाचं, थोडा मागे राहिलेला, अजून मिटायचाच होता. तिने मान हलवली. म्हणाली, तसं असेल तर त्या भावाची नळी वर-खाली सगळीकडे उघडी दिसायला हवी. आणि वर-खाली मिटलेली असेल आणि फक्त मधेच उघडी, तर माझी खिडकी खरी आहे, फक्त घर चुकलंय. तिचे डोळे परत तसे झाले होते, जिन्यातल्यासारखे. तिला सभेचं भान नव्हतं, माझ्या लबाडीचंही नव्हतं. ती खुर्चीवरून उठली आणि माझ्या अगदी जवळ आली. "बाई, त्याचे पुढचे-मागचे काप कुठे आहेत?"

मी म्हटलं, टाकले.

"टाकायच्या आधी बघितले होतेत?"

बघायला काय लागलं असतं? पाचाऐवजी पन्नास घ्यायचे, रंगवायचे, डोळा लावायचा. अर्धा दिवस. मी, जी दोन आरशांत पाठ बघते, जी हसण्याची नस मानेपर्यंत शोधत जाते, त्या दिवशी माझ्यासमोर एक आख्खा गर्भ होता, जगात दुसऱ्या कुणी न बघितलेला, आणि मला फक्त त्याचा ठोकळा लवकर वितळायला हवा होता. त्या डब्याशी मी काठीने मेण ढवळत उभी राहिले होते, तो लहानसा दाणा सुटा होऊन वर आला तो पण मला आठवतो. मी तो दाबून खाली घातला. सरांची पावलं वाजत होती म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "नाही बघितले गं."

ती परत जाऊन खुर्चीवर बसली. मग तिने संचाची नोंदवही कपाटातून काढली, ते पान उघडलं आणि पेन माझ्याकडे दिलं. आख्खी वही माझ्याच अक्षरातली आहे, आकडे, तारखा, रंग, आणि कुठेही एकसुद्धा वाक्य नाही. तिने बोट ठेवलं तिथे मी लिहिलं, दोनशे अकरा ते दोनशे पंधरा, त्याच पोटातल्या दुसऱ्या गर्भाचे. उरलेला गर्भ मी न बघता टाकला. मुंगीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, खाली तारीख घाला, आजची. मी घातली.